चहाआधीचं पाणी

माझ्या आईला माझ्यापेक्षा एक लोखंडी किटली जास्त आवडते, असं सतराव्या वर्षी माझं पक्कं मत होतं. आणि किटलीपेक्षा सई जास्त आवडते, हे त्याहून पक्कं. आता कुठे माझी तिशी उलटलीय. या वयात आत्मकथन लिहायला घेणं आगाऊपणाचं आहे हे मला माहीत आहे, लोकांनी तोंडावर सांगितलंयही. पण मी पत्रकं लिहून लिहायला शिकलेली बाई आहे आणि पत्रकात मुद्दा वरच येतो. तर मुद्दा हा: मला हेवा वाटत होता. त्याला मोठमोठी नावं द्यायची हौस ज्यांना असेल त्यांनी द्यावीत. आपल्या भाषेत याला जळणं म्हणतात, आणि मी जळत होते.

आमचं घर आवाजाचं होतं. अमेरिकेत, मिशिगनमधल्या नोव्हाय गावाच्या त्या सबडिव्हिजनमध्ये, म्हणजे एकसारख्या घरांच्या वसाहतीत, बाहेर इतकी शांतता असायची की कुणाच्या गराजचं दार उघडलं तरी कळायचं, पण आमच्या दाराच्या आत पाऊल टाकलं की कुकर, मिक्सर, स्पीकरवर टाकलेला अकोल्याच्या मामीचा फोन आणि त्या सगळ्यावरून आईचा आवाज. आई एका हातानं पोळी उलटायची, दुसऱ्या हातानं ऑफिसचा मेल बघायची आणि मला म्हणायची, "मुक्ते, बोल, ऐकतेय मी." ती ऐकत नसायची. मी एकदा मुद्दाम सांगून पाहिलं की आज शाळेला आग लागली. "बरं, डबा धुवायला टाक," म्हणाली. बाबा पुण्याचे, कमी बोलून जास्त टोचणारे, ते पेपर खाली न करता म्हणाले, "आगीत डबा वाचला हे बरं झालं."

आणि हीच बाई शेजारच्या हायाशीबाईंच्या तळघरात गेली की गप्प व्हायची. हायाशीबाईंचे मिस्टर गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत मोठ्या हुद्द्यावर होते. आमच्या भागात हे नेहमीचंच: आपले लोक येतात ते कायमचे, जपानी लोक काही वर्षांच्या बदलीवर. दिवाळीत आई त्यांना चकल्या द्यायला गेली ती तासाभरानं हिरवे ओठ घेऊन परत आली, आणि पुढच्या शनिवारपासून जपानी चहाचा विधी शिकायला जायला लागली. मीही गेले. मला चहाचं काही नव्हतं. माझी आई तिथे काय करते ते मला बघायचं होतं.

तळघरात एका खोलीत चटया अंथरलेल्या, मध्ये खोलगट चौकोनात विजेची शेगडी, तिच्यावर ती काळी किटली. कपडे धुण्याच्या खोलीतलं मशीन पडद्याआड सारून हायाशीबाईंनी तिचं पाणीघर केलं होतं. चहाची सगळी तयारी तिथे व्हायची. मला वाटायचं, हिरवी पूड, बांबूची रवी, वाट्या, वाकून नमस्कार, हाच तो विधी. पण बाईंनी पहिले कित्येक शनिवार पूड दाखवलीसुद्धा नाही. पाणीच दाखवलं. नळाचं पाणी उकळून त्यांनी आम्हाला वास घ्यायला लावला, क्लोरीनचा. मग गाळलेलं, मग बाटलीतलं. त्यांचं इंग्रजी सावकाश आणि सरळ होतं. त्या म्हणाल्या, पूड महाग मिळते, भांडी महाग मिळतात, ती कुणीही विकत आणतं. पाण्यात मात्र यजमानाची मेहनत असते, ते शोधावं लागतं आणि आणावं लागतं. म्हणून त्यांच्याकडे जुने लोक पहाटे विहिरीवर जायचे. पाणी जड असलं की चहाला कडवट साय धरते, पाण्याला वास असला की संपलंच. शनिवारी आम्ही कुणी अत्तर लावायचं नाही, वासाच्या साबणानं हात धुवायचे नाहीत. आई हे सगळं असं ऐकायची, की मला त्या किटलीत जाऊन बसावंसं वाटायचं.

पाण्याचा आवाजसुद्धा असतो, हे तिथे कळलं. किटलीतलं पाणी तापत आलं की तिच्यातून एक सलग सूं सूं निघते. हायाशीबाई म्हणायच्या, हा पाइनच्या झाडांतला वारा. आई हळूच म्हणाली, आमच्याकडे पाइन नाहीत, मला हा कडुनिंबातला वाटतो. बाईंनी त्यावर मान तुकवली. मी त्या वाऱ्याकडे लक्ष दिलं नाही; मला एवढंच दिसलं, की आईनं हे वाक्य मला म्हटलं नव्हतं.

आणि मग सई आली. सई आमच्या मागच्याच गल्लीतली, माझ्याच वर्गातली. तिची आई हॉस्पिटलात डॉक्टर, तिला शनिवार-रविवार नसायचेच, म्हणून सई कायम आमच्या घरी. तिचं मराठी म्हणजे दर वाक्यात तीन शब्द उसने. जन्मापासून मी मंडळाच्या रविवारच्या शाळेत बाराखड्या गिरवल्या, शुद्धलेखनाची बक्षिसं आणली, आणि ही आली "मावशी, यू आर सो टायर्ड, मी पोळी लाटू?" म्हणत. पोळीचा आकार मिशिगनच्या नकाशासारखा. आई म्हणाली, "अगं किती गोड!" माझ्या गोल पोळ्यांना बारा वर्षांत कुणी गोड म्हटलं नव्हतं. पाणीघरात सईला डोळे मिटून नुसत्या आवाजावरून ओळखता यायचं, की पळीनं ओततायत ते पाणी गार आहे की कढत. आवाज खरंच वेगळा असतो, गार पाणी टणटणीत पडतं, कढत मऊ. हायाशीबाईंनी कौतुक केलं, आईनं घरी येऊन बाबांना सांगितलं, मामीला फोनवर सांगितलं. मलाही ओळखता यायचं. मला कुणी डोळे मिटायला सांगितलंच नाही.

त्याच वर्षी मी चळवळीत पडले. आमच्यापासून तासाभरावर एक गाव होतं, गरीब गाव. तिथल्या नळांतून तांबूस पाणी यायचं, जुन्या नळांतलं शिसं त्यात उतरलेलं, आणि लोक आंघोळीलासुद्धा विकतच्या पाण्याच्या बाटल्या फोडत होते. नगरपालिकेचे लोक सूट घालून सांगत होते की पाणी ठीक आहे. मला जो संताप आला तो अजून गेलेला नाही, जायची गरजही वाटत नाही. आमचा शाळेतल्या मुलांचा एक गट होता. रविवारी सकाळी ग्रोसरीच्या दारात उभं राहून आम्ही पत्रकं वाटायचो, बाकी वेळ गराजमध्ये पाट्या रंगवायचो. आणि अशा दिवसांत माझी आई काय शोधून काढते? उत्तरेकडच्या एका रस्त्याच्या कडेला टेकडीतून आलेला पाइप, त्यातून रात्रंदिवस वाहणारी झऱ्याची धार. हायाशीबाईंनी चाखून सांगितलं, हे पाणी मऊ आहे, हे चालेल. दर रविवारी ते आणायला जायचं ठरलं.

आईनं आधी मलाच विचारलं होतं, हे खरं आहे. "चल ना मुक्ते, ड्राइव्ह छान आहे." मी म्हणाले, "एका वाटी चहासाठी एवढं पेट्रोल जाळायचं? तिकडे माणसं शिसं पितायत आई!" आणि मी त्यावर एक पत्रकच लिहिलं, मराठीत आणि इंग्रजीत, 'पाणी चाखणाऱ्यांनो, पाणी नसणाऱ्यांचं काय?' असं, आणि फ्रीजवर लावलं. बाबांनी ते उभ्याउभ्या पूर्ण वाचलं. "भाषा छान आहे," म्हणाले. "पण चार मॅग्नेट नको लावूस, दार नीट लागत नाहीये. दूध नासेल आणि मग दूध नसणाऱ्यांवर दुसरं लिहावं लागेल." रविवारी माझ्या सीटवर सई बसली.

मी आजही म्हणेन की पत्रकातला शब्द न् शब्द बरोबर होता. त्या गावातल्या बाईला पाण्याची चव विचारणारं कुणी नव्हतं, यावर चिडायचं नाही तर कशावर चिडायचं? पण ग्रोसरीच्या दारात उभं राहून मी हेही बघायचे, की आमची निळी गाडी सिग्नलला थांबलीय, पुढे दोघीजणी बसल्यात, आणि आई हात हलवून हलवून काहीतरी सांगतेय. हातात चाक असताना! मला शिकवताना मात्र दोन्ही हात चाकावर. त्या परत यायच्या तेव्हा काचेचे मोठे कॅन पाणीघरात उतरवताना अर्ध्यावर सोडलेल्या गोष्टीवर हसत असायच्या. "काय झालं?" मी विचारायचे. "काही नाही गं, यू हॅड टु बी देअर," सई म्हणायची. माझा नाइलाज झाला तेव्हा मी त्या झऱ्याचं पाणी आमच्या गटातर्फे तपासायला पाठवलं. काहीही निघालं नाही. स्वच्छ. त्याचाही मला राग आला.

उन्हाळ्याच्या तोंडाला हायाशीबाईंची बदली संपली. जायच्या आधी त्यांनी आईला सांगितलं, शेवटचा चहा तू कर, यजमान तू, आणि नामी पाण्याचा चहा कर. हा त्यांच्याकडचा एक खास प्रकार आहे. नेहमीच्या पाण्याच्या भांड्याऐवजी विहिरीच्या बादलीच्या घाटाचं एक चौकोनी लाकडी भांडं मांडतात, त्याला गवताची दोरी आणि पांढऱ्या कागदाच्या झिरमिळ्या बांधतात. ती खूण बघून पाहुण्यांनी ओळखायचं की आज पाणी मुद्दाम, लांबून आणलंय. मग मुख्य पाहुण्यानं चहाच्या आधी नुसतं पाणी चाखायला मागायचं, त्याबद्दल दोन शब्द बोलायचे, कुठलं आहे ते विचारायचं. आईनं पाणीघरात मदतीला सईला घेतलं. अर्थात. मी म्हटलं, मी येतच नाही. तर हायाशीबाई स्वतः आमच्या दारात आल्या, चपला काढून आत आल्या, आणि फ्रीजवरच्या इंग्रजी पत्रकावर बोट ठेवून म्हणाल्या, "मुख्य पाहुणी ही. पाण्यावर इतकं रागावणारी दुसरी कोण आहे इथे?" त्या स्वतः माझ्या शेजारी, दुसऱ्या पाहुण्या म्हणून बसणार होत्या.

त्या सकाळी तळघरात इतकं शांत होतं की किटलीची सूं ऐकू येत होती. आई फिकट करड्या साडीत आली, पदर खोचलेला, हातात बांगडी नाही. तिनं सरकतं दार उघडलं, वाकली, आणि ज्या सावकाशीनं तिनं ते लाकडी भांडं आणून चटईवर टेकवलं, त्या सावकाशीनं तिनं आयुष्यात माझी वेणी घातलेली नाही. कागदाच्या झिरमिळ्या हलत होत्या. मला शिकवलं होतं तसं वाकून मी म्हणाले, "पाणी चाखायला मिळेल का?" आईनं पळीनं गार पाणी वाटीत घेतलं आणि वाटी माझ्यापुढे ठेवली. मी ती उचलली आणि तोंडाला लावायच्या आधीच थांबले.

पाण्याला वास होता. क्लोरीनचा नाही, साबणाचा नाही. भिजल्या मातीचा, त्यात कोवळ्या गवताचा, आणि मागे कुठेतरी गोडसर. मी प्यायले. तो वास मला माहीत होता. मी लहान असताना एका मे महिन्यात आम्ही अकोल्याला मामाकडे गेलो होतो, तिथल्या माठातलं पाणी असं लागायचं. पण त्याचं नाव मला माहीत नव्हतं. पाणीघराच्या पडद्याच्या फटीतून सईचा एक डोळा माझ्याकडे बघत होता, आणि त्या डोळ्यात असा आनंद होता की मला सगळं कळलं: हे हिनं केलंय. चहाच्या पाण्यात, ज्या पाण्याला वास नको म्हणून आम्ही शनिवारी साबण बदलला, त्या पाण्यात हिनं काहीतरी घातलंय. इतके महिने वाट पाहत होते मी. सईची चूक, साक्षात माझ्या जिभेवर.

मुख्य पाहुण्यानं दोन चांगले शब्द बोलायचे असतात. मी म्हणाले, "याला वास येतोय." आणि कुणाला कळलं नसेल तर म्हणून इंग्रजीतही म्हणाले.

हायाशीबाईंनी माझ्या हातून वाटी घेतली, हुंगली, घोट घेतला. त्यांनी वाटी पुढे आईकडे सरकवली. यजमानानं प्यायचं नसतं, पण बाईंनीच दिली म्हणून आईनं ती उचलली, नाकाशी नेली, आणि मग मी जे पाहिलं ते मला अजून नीट सहन होत नाही. आईनं ती वाटी गटागटा रिकामी केली. तळघर, चटया, विधी, सगळं विसरून. शाळेतून धावत आलेली पोर पिते तशी, पाणी हनुवटीवरून साडीवर. वाटी खाली ठेवून तिनं पडद्याकडे पाहिलं. "सई? वाळा घातलास?"

सई बाहेर आली ती रडतच. "सॉरी मावशी, मला हायाशी-सेन्सेईंचा रूल आठवलाच नाही... तू गाडीत म्हणालीस ना, तुझ्या आईच्या पाण्याला असा वास असायचा, अँड यू मिस इट. मला जवळच्या कॅन्टनच्या इंडियन ग्रोसरीत मिळाला. काल कॅनमध्ये ठेवला आणि सकाळी काढला. सरप्राइज होतं." मुळांची एक ओली जुडी तिच्या मुठीत होती. आईनं तिला जवळ ओढलं. चटईवर, किटलीसमोर, पाहुण्यांदेखत. मी वाटीच्या जागेकडे बघत बसले.

जणू काही झालंच नाही असा माझा राहिलेला प्रश्न हायाशीबाईंनी विचारला: "हे पाणी कुठलं?" आईनं डोळे पुसले, वाकली, आणि इंग्रजीत म्हणाली, "झरा इथला. वास माझ्या आईच्या घरचा." "मग चहा कर," बाई म्हणाल्या. दुसरं पाणी नव्हतंच. असतं तरी त्यांनी घेऊ दिलं नसतं असं मला वाटतं. आईनं चहा केला. वाईट झाला. हिरव्या पुडीचं आणि वाळ्याचं अजिबात पटलं नाही. हायाशीबाईंनी वाटी संपवली, फडक्यानं कड पुसली आणि स्पष्ट सांगितलं, "चहा चांगला झाला नाही. पाणी चांगलं होतं. मला पाणी अजून हवं." आणि त्यांनी तेही संपवलं. बोलण्यातला हा सरळपणा मी त्यांच्याकडूनच उचलला असं लोक म्हणतात. माझ्यात तो त्याआधीपासून होता, पण माझ्या सरळपणावर कुणी आणखी पाणी मागितलं नाही, एवढं खरं.

दुपारी सई तिच्या घरी गेली आणि आई आमच्या स्वयंपाकघरात उसन्या आणलेल्या वाट्या विसळत होती. बाबा बाहेर गवत कापत होते. मी टेबलाशी बसले.

"आई, वाळा म्हणजे काय?"

"मूळ असतं गं, एका गवताचं. उन्हाळ्यात माठात टाकतात. आमच्याकडे तर टाकतातच."

"मला कधी सांगितलं नाहीस."

"तू कुठे होतीस? पाट्या रंगवत होतीस."

"पाट्या पाण्याच्याच होत्या!"

"दुसऱ्यांच्या पाण्याच्या."

"म्हणजे दुसऱ्यांच्या पाण्यासाठी भांडायचं नाही?"

"भांड ना! छान भांडतेस. मी ऑफिसात वाटली तुझी पत्रकं, माहितीय?" मला माहीत नव्हतं. "पण घरात तरी माइक खाली ठेवत जा. सई बाजूला बसते आणि म्हणते, मग काय झालं मावशी? माणसाला बरं वाटतं."

मला वाटलं उठून जावं. मी उठलेही. पण दारापर्यंत जाऊन परत आले, खुर्ची ओढून सिंकपाशी नेली आणि म्हणाले, "मग काय झालं?"

"कशाचं?"

"सगळ्याचं. अकोल्याच्या पाण्याचं. सईला सांगितलंस ते सगळं. आणि सांगितलं नाहीस ते आधी."

आई इतकी हसली की वाटी तिच्या हातातून सुटता सुटता राहिली. मग तिनं सांगायला घेतलं. नळाला पाणी यायचं ते वेळ-काळ न सांगता, आणि पाण्याच्या दिवशी सगळी गल्ली बादल्या घेऊन अंगणात. "हे सईला माहीतय?" "हो." "पुढचं." माठाखालच्या वाळूत ती आणि मामा चिंचोके लपवायचे. "माहीतय?" "हो बहुतेक." "पुढचं!" वाळ्याची जुडी बदलायचा मान कुणाचा यावरून बहिणींची मारामारी, मावशीनं तिचे केस ओढलेले. "हेही?" "अगं, चार महिने जात होतो आम्ही, रस्ता लांब आहे!" मी हटले नाही. पत्रकं वाटताना मी एक शिकले होते, माणूस तिसऱ्यांदा नाही म्हणाला तरी हात पुढेच ठेवायचा. आई विचार करायला लागली. नळ बंद केला. हात पदराला पुसले, खिडकीतून बाबा लांब आहेत ना ते पाहिलं, आणि आवाज खाली आणला. त्या घरात आईला आवाज खाली आणताना मी प्रथमच पाहत होते.

"हे तुझ्या बाबांनाही माहीत नाही," ती म्हणाली, आणि तिनं सांगितलं. लहानशीच गोष्ट होती, पाण्याचीच होती. सांगताना ती एकदा थांबली, आणि मी मध्ये काहीही बोलले नाही.

"सईला?" मी शेवटी विचारलं.

"नाही."

"आणि सांगणार नाहीस."

"नाही सांगणार, बाई."

आज सई शिकागोला चहा शिकवते, तिच्या वर्गाला तीन महिन्यांची वेटिंग लिस्ट आहे, आणि आई दर ऑक्टोबरात तिच्याकडे जाऊन राहते. जाऊ दे. हे प्रकरण वाचून लोक विचारतील की ती गोष्ट काय होती. एका मैत्रिणीनं तर कच्चा खर्डा वाचून सांगितलं, की ती नसेल तर प्रकरण अर्धवट वाटतं. अर्धवट वाटू दे. मी ती इथे लिहिणार नाही. सई हे वाचणार आहे.